विमा चुलीपर्यंत कसा आला

स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, ओव्या, तीर्थयात्रेची वर्णने येतात. यंदा चिटणीसबाईंनी मला घरबसल्या धंदा करणाऱ्या बायकांच्या विम्याविषयी लिहावयास सांगितले. मी सातवी शिकलेली. बारा वर्षे झाली, घरी मसाले व पापड करून विकते. आपल्या मंडळात कोणी शिवण शिवते, कोणी डबे देते, कोणी शिकवणी घेते. "अहो, कोणता विमा घ्यावा?" असे आपण एकमेकींना नेहमी विचारतो. पण विमा मुळात कोणासाठी निघाला हे ठाऊक असले, की आपल्याला काय हवे ते लवकर उमगते. म्हणून वाचनालयातून पुस्तके आणून जे समजले ते लिहीत आहे.

विमा हा शब्द फारसीतून आला. आपल्याकडे जुन्या काळी विमा असे तो मालाचा. व्यापाऱ्यांत जोखमी हुंडी नावाचा प्रकार चाले. गलबत बंदराला सुखरूप लागले तरच हुंडीचे पैसे द्यावयाचे. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे गलबतातल्या मिरीच्या पोत्यांची काळजी कोणीतरी केव्हाच घेतली होती. मसाला कुटणारीची पाळी यायची होती!

माणसांच्या आयुष्याचा विमा उतरवणारी पहिली कंपनी, ओरिएंटल, 1818 साली कलकत्त्यास निघाली, ती मुख्यत्वे युरोपियन लोकांसाठी. पुढेही एतद्देशीयांकडून जादा हप्ता घेत. 1870 च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने आपल्या लोकांना सर्वांच्याच दराने विमा दिला. आपल्या साताऱ्यासही अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. गाव लहान, पण कंपनीचे नाव दूरवर गेले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आता एका कायद्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दुकानदारांच्या घरांतही तो फारसा कोणाला ठाऊक नाही. 1874 साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या व मुलांच्या नावे या कायद्याखाली घेतला, तर ती रक्कम त्यांची ठेव ठरते. नवऱ्याच्या धंद्याला कर्ज झाले तरी सावकाराला तिला हात लावता येत नाही. मात्र सावकाराला बुडवण्यासाठीच विमा घेतला असे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. हा कायदा आधी हिंदू, मुसलमान, शीख, जैन यांना लागूच नव्हता. विम्यापुरता तो मद्रासकडे 1913 अखेरीनंतरच्या आणि बाकी देशात 1 एप्रिल 1923 नंतरच्या पॉलिसींना लागू झाला. आजही तो आहे. पण विमा घेतानाच तसे लिहून द्यावे लागते. मागाहून सुचून उपयोग नाही. नुसते वारस म्हणून नाव लावणे निराळे आणि हे निराळे. ज्यांच्या घरी किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा गॅरेज आहे, त्यांनी यजमानांना आजच विचारावे.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? खासगी कंपन्यांपैकी दहा वर्षांत पंचवीस बुडाल्या, आणखी पंचवीस इतक्या खिळखिळ्या झाल्या की विमेदारांचे नुकसान सोसून त्यांचा कारभार दुसऱ्यांकडे द्यावा लागला. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून आयुर्विमा सरकारकडे घेतल्याचे जाहीर केले. (त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडले, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेच आहे.) 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले आणि साताऱ्याची कंपनीही त्यात गेली.

पैसा सुरक्षित झाला, पण बाईचे काय? माझे माहेर परळचे. आई गिरणीकामगारांची खाणावळ चालवी. 1982 च्या संपानंतरही ज्या गिरण्या चालू राहिल्या, त्यांतले पंधरा-वीस जण आमच्याकडे जेवीत. त्यांच्यासाठी 1948 चा राज्य विमा कायदा होता. कोणी आजारी पडला तर विम्याच्या दवाखान्यात जाई, रजेत काही पैसे मिळत. आईला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस चूल बंद होती. माणसे दुसरीकडे जेवू लागली, त्यातली निम्मी परत आली नाहीत. औषधाला तिने पाटल्या मोडल्या. जेवणाऱ्याला विमा होता, रांधणारीला नव्हता. कारण कायद्यात कामगार आणि मालक दोघेही हप्ता भरतात, आणि आईची मालक तीच! खाणावळवाल्यांना बँकेची कर्जे मिळवून देण्याचे काम प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने 1975 पासून केले. पण दुखण्यासाठी कर्ज काढणे म्हणजे दुखणे बरे झाल्यावरही ते फेडीत बसणे.

हे नेमके ओळखले अहमदाबादच्या इलाबेन भट्ट यांच्या सेवा संस्थेने. 1974 मध्ये त्यांनी बायकांची बँक काढली. हप्ते थकत ते आळसाने नव्हे, तर आजारपण, बाळंतपण, नवऱ्याचा मृत्यू, नाहीतर घरातले सामान वाहून गेल्यामुळे. म्हणून 1992 पासून त्यांनी विमोसेवा या नावाने मृत्यू, दुखणे आणि मालमत्ता यांचा एकत्र विमा सुरू केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बाईचे घर आणि धंदा वेगळे नसतात. चूल तीच, खोली तीच.

आपल्या पॉलिसींत मात्र ते वेगळे असतात, आणि निवडताना तिथेच पाहावयाचे. घराच्या विम्यात घरगुती वापराचे सामान येते. विक्रीसाठी भरून ठेवलेले मसाल्याचे डबे व कांडप यंत्र त्यात धरतीलच असे नाही. 1 एप्रिल 2021 पासून लहान धंद्यांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी निघाली आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. आपला धंदा लाखाचाही नसेल, तरी चालतो. आग, पूर, भूकंप यांत येतात. साधी घरफोडी येत नाही, ती वेगळी विचारून घ्यावी.

आयुर्विम्याच्या अर्जात "व्यवसाय" या रकान्यात आपण सवयीने "गृहिणी" लिहितो. कमाई कागदावर दिसली नाही, तर साधारणपणे यजमानांच्या विम्याच्या बेताने मर्यादा पडते. म्हणून वही ठेवावी, पैसे बँकेत भरावेत, उद्यम नोंदणी करावी, जमल्यास आयकराचे विवरणपत्र भरावे.

माझे मत विचाराल तर आधी दुखण्याचा विमा. 1986 पासून मेडिक्लेम मिळू लागला. आईला त्याची वार्ता नव्हती. त्यात जुनी दुखणी किती वर्षांनी धरतात आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, हे वाचून घ्यावे. मग मालाचा. मुदतीअंती पैसे परत देणारी पॉलिसी एजंटबाई फार गोड बोलून सांगतात, ती शेवटी.

ज्यांना यांपैकी काहीच झेपत नाही, त्यांनी निदान 2015 च्या दोन सरकारी योजनांत नाव घालावे. अपघाताची वर्षाला 20 रुपयांत, 18 ते 70 वयापर्यंत. जीवन ज्योती 436 रुपयांत, 50 वर्षे पुरी होण्याआधी नाव घातले पाहिजे. दोन्हींत दोन लाख रुपये. पैसे खात्यातून मे अखेरीस कापले जातात. तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक असू द्यावी. माझ्या शेजारच्या दोघींची नावे शिल्लक नसल्यामुळे निघून गेली होती. गेल्या जूनमध्ये आम्ही बँकेत जाऊन ती पुन्हा घातली.