सणाची तारीख कोण ठरवतं?

माझा मावसभाऊ चोवीस वर्षांचा आहे आणि इंग्लंडमध्येच वाढलाय. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी त्याने मला युरोपात बघायच्या सणांची यादी पाठवली: बुन्योलची टोमॅटोफेक, पाम्प्लोनाची बैलांपुढची धाव, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, व्हेनिसचा कार्निव्हल. यातले पहिले दोन कुठून आले ते सांगायला नको. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि आपल्याकडच्या अख्ख्या पिढीची स्पेनची सहल त्या सिनेमाने आखून दिली.

यादीखाली त्याने लिहिलं होतं, “ताई, तू इतिहासवाली आहेस. यातलं सगळ्यात ऑथेंटिक कोणतं ते सांग. सुट्टी थोडीच आहे. आपल्या मंडळाच्या शनिवारच्या गणपतीसारखं काही नको.”

ते शेवटचं वाक्य मला लागलं. त्याचं लहानपण ज्या गणपतीसमोर गेलं तो शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. चतुर्थी मंगळवारी असली तरी बाप्पा शनिवारी यायचे. स्मोक अलार्म वाजेल म्हणून कापूर लावायचा नाही, पाचला हॉल रिकामा करून द्यायचा. हे नकली आणि युरोपातलं ते अस्सल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक सणाला मी एकच प्रश्न विचारला: तुझी तारीख कोणी ठरवली?

चंद्राची तारीख

सुरुवात कार्निव्हलपासून. ईस्टर येतो वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार असतो आणि तिथून उपासाचा काळ सुरू होतो. उपास सुरू होण्याआधी खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचं, तो कार्निव्हल. व्हेनिसचा कार्निव्हल याच हिशेबाने येतो आणि गोव्यातलाही. चंद्र-सूर्याचा मेळ घालण्याची ही खटपट आपल्या पंचांगाच्या ओळखीची आहे. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार २१ फेब्रुवारीला. त्याच वर्षी अधिक श्रावण आला, आपले सण पुढे सरकले आणि २०२४ मध्ये दोघांत तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं.

तारीख इतकी जुनी, म्हणजे व्हेनिसचा कार्निव्हलही अखंड चालत आला असेल असं वाटतं. तसं नाही. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं आणि मुखवट्यांच्या त्या कार्निव्हलवर बंदी आली. अधूनमधून काही कार्यक्रम व्हायचे, पण आज आपण ज्याचे फोटो बघतो त्या कार्निव्हलचं पुनरुज्जीवन १९७९-८० च्या सुमाराचं आहे. म्हणजे तो माझ्या आईपेक्षा तरुण आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलची गोष्ट उलटी. तिथला फासनाख्त सुरू होतो राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे बाकी सगळ्यांचा कार्निव्हल संपल्यावर. याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं: १०९१ साली बेनेव्हेंतोच्या धर्मसभेने उपासाच्या चाळीस दिवसांतून रविवार वगळले. मग चाळीस भरायला उपास सहा दिवस आधी सुरू करावा लागला. बाझलने जुनीच तारीख धरून ठेवली. पुढे १५२९ मध्ये शहर प्रोटेस्टंट झालं. आता उपासच नाही, तर उपासाआधीची मौज कशाला? धर्मोपदेशकांनी हेच विचारलं, नगरसभेने पुन्हा पुन्हा बंदी घातली, तरी लोक थांबले नाहीत.

मी गेले तेव्हा पहाटे पावणेचारला गल्ल्या गच्च भरल्या होत्या. ठोक्याला चार वाजले आणि जुन्या शहरातले दिवे एकदम बंद झाले. अंधारात फक्त रंगवलेले प्रचंड कंदील, पिकोलो नावाच्या छोट्या बासऱ्या आणि ढोल. कंदिलांवर त्या वर्षीच्या राजकारणाची टिंगल, तीही स्थानिक बोलीत. मला फारसं कळलं नाही, पण शेजारचे लोक वाचून हसत होते आणि मला पुण्यातले गणपतीचे देखावे आठवत होते. मी मात्र एक घोटाळा करून ठेवला होता. व्हेनिसमध्ये घेतलेला चमचमता मुखवटा उत्साहाने लावून गेले होते. एका आजीबाईंनी हातानेच खूण केली: काढ तो. बाझलमध्ये सोंग घेतात ते मिरवणुकीतले, बघणाऱ्यांनी साध्या कपड्यांत यायचं आणि ब्लागेडे नावाचा बिल्ला विकत घेऊन कोटाला लावायचा. बिल्ला नसेल तर रंगीत कागदांच्या कपट्यांनी अंघोळ होते. पाहुण्याची जागा इतकी स्पष्ट सांगणारा सण मी दुसरा पाहिलेला नाही. मला ते आवडलं.

राजाची तारीख

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टची तारीख तर थेट लग्नपत्रिकेवरची आहे. १२ ऑक्टोबर १८१० ला बवेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझे यांचं लग्न झालं. १७ तारखेला वेशीबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली. त्या माळाला नवरीचं नाव मिळालं, तेरेझिएनवीझे, आणि मेळा आजही तिथेच भरतो.

लग्नाचा एवढा थाट कशासाठी? बवेरिया राज्य म्हणून जाहीर झालं होतं १८०६ मध्ये, तेही नेपोलियनच्या कृपेने. त्यात नवे प्रदेश जोडले गेले होते, कॅथलिक मुलखात प्रोटेस्टंट मुलूख आला होता. या सगळ्यांना ‘आपण बवेरियन’ असं वाटायला हवं होतं. म्हणून शर्यतीआधी राज्याच्या वेगवेगळ्या भागांतली मुलं आपापल्या पोशाखांत राजघराण्याला मानवंदना द्यायला आणली गेली. पुढच्याच वर्षी शेतीप्रदर्शन जोडलं गेलं. १८१९ मध्ये कारभार नगरपालिकेकडे आला. बियरचे अवाढव्य तंबू बरेच नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. आणि ऑक्टोबरात थंडी वाजते म्हणून सगळा मेळा सप्टेंबरात ओढला गेला. आता तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास संपतो. नाव तेवढं जुनं राहिलं.

हे वाचताना आपल्याला १८९३ आठवायला हवं. गणपती घरोघरी आधीपासून बसतच होता. पुण्यात तो चौकात आला आणि टिळकांनी ‘केसरी’तून त्याला बळ दिलं, तेव्हा त्यामागे लोकांना एकत्र आणायचा हेतू होता. त्याच वर्षीच्या मुंबईतल्या दंगलीनंतरची हिंदू-मुस्लिम तेढही होती. तोवर अनेक हिंदू मोहरमच्या मिरवणुकांत भाग घेत, ते कमी झालं. मेळ्यांतल्या गाण्यांमधून राजकारण शिरलं. इतिहासकार अशा प्रथांना ‘घडवलेल्या परंपरा’ म्हणतात. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या पुस्तकाने हा शब्द रूढ केला. घडवलेली म्हणजे खोटी नव्हे. कोणी घडवली, कोणासाठी आणि त्यात कोण बाहेर राहिलं, हे विचारता येतं, एवढंच.

सोयीची तारीख

आता पाम्प्लोना. सान फर्मिनचा उत्सव पूर्वी ऑक्टोबरात व्हायचा. पावसाळी, गार हवा. १५९१ मध्ये शहराने तो सरळ ७ जुलैला हलवला. हवा चांगली आणि जत्राही त्याच सुमाराची. संतांची परवानगी कोणी काढली होती? आज चारशेहून जास्त वर्षांनी त्या तारखेला कोणी नकली म्हणत नाही.

पण माझ्या भावासाठी खरं उत्तर त्याच्या घरापासून ट्रेनने तासाभरावर होतं: नॉटिंग हिल.

१९५८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियन लोकांवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेली क्लॉडिया जोन्स तेव्हा लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र चालवत होती. तिला अमेरिकेने १९५५ मध्ये राजकीय विचारांसाठी देशाबाहेर काढलं होतं. दंगलीनंतर तिने ठरवलं, आपण कार्निव्हल करायचा. त्रिनिदादचा कार्निव्हल उपासाआधी, रस्त्यावर, उन्हात होतो. लंडनमध्ये जानेवारीत रस्त्यावर नाचणार कसं? म्हणून ३० जानेवारी १९५९ ला तो झाला सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये. हॉलमध्ये! बीबीसीने तो दाखवला. त्या कार्यक्रमाच्या स्मरणिकेच्या विक्रीतला काही पैसा दंगलीत सापडलेल्या काळ्या-गोऱ्या तरुणांचे दंड भरायला जाणार होता.

१९६६ मध्ये त्याच वस्तीत समाजसेविका रोन लॅस्लेट यांनी जत्रा भरवली. तिथे रसेल हेंडरसन यांचं स्टीलबँड वाजवता वाजवता रस्त्यावर उतरलं आणि लोक मागे चालू लागले. पुढे हा उत्सव ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला स्थिर झाला. तेव्हा सुट्टी असते आणि थंडी नसते. त्रिनिदादच्या पंचांगाशी त्या तारखेचा काही संबंध नाही. तरी तो आज युरोपातल्या सगळ्यात मोठ्या रस्त्यावरच्या उत्सवांपैकी एक आहे आणि ज्यांनी तो उभा केला त्यांच्या नातवंडांना तो आपला वाटतो.

मग निवडायचं कसं?

भावाला मी तीन प्रश्न लिहून पाठवले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक, तारीख कोणासाठी सोयीची आहे? गावकऱ्यांसाठी असेल तर तुम्हाला अडचण होणारच. बाझलला सोमवारी पहाटे चारला हजर राहायचं म्हणजे रजा काढावी लागते. हॉटेलं महाग पडली तर दुसऱ्या शहरात राहा, त्या पहाटे जादा गाड्या सुटतात. आपला पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

दोन, तिथे तुमची जागा काय? पाहुणा, प्रेक्षक की गिऱ्हाईक? बुन्योलच्या टोमॅटोफेकीची सुरुवात १९४५ मधल्या पोरांच्या भांडणातून झाली. फ्रँकोच्या काळात बंदी आली, तेव्हा १९५७ मध्ये गावाने टोमॅटोची अंत्ययात्रा काढून निषेध केला. २०१३ मध्ये तिथे तिकीट आलं आणि वीस हजारांची मर्यादा घातली गेली. त्यात वाईट काही नाही, छोट्या गावाला गर्दी झेपत नव्हती. फक्त आपण तिकीट काढून आलोय हे लक्षात ठेवायचं. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूत शिरायला पैसे पडत नाहीत, पण संध्याकाळी बसायला टेबल आधी राखून ठेवलेलं हवं. गर्दी नको असेल तर आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा. नॉटिंग हिलला तिकीट नाही. रविवार मुलाबाळांचा, त्या दिवशी जा.

तीन, तो सण बंद पडला तर कोणाला रडू येईल? उत्तर ‘हॉटेलवाल्यांना’ एवढंच असेल तर दुसरा सण शोधा.

भावाने शेवटी बाझल आणि नॉटिंग हिल निवडलं. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला आला, शनिवारी. पाच वाजता हॉल रिकामा करताना खुर्च्या रचत होता. मला म्हणाला, “ताई, १९५९ ला त्या टाउन हॉलमध्ये खुर्च्या कोणी रचल्या असतील गं?”

ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. मी दुसऱ्या बाजूने टेबल धरलं आणि आम्ही ते व्हॅनपर्यंत नेलं.