.२२ रायफल आणि महाविद्यालयीन छात्रसेना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैनिकांची नेमबाजी उणी पडली. सराव वाढविणे आवश्यक होते, परंतु.३०३ काडतुसे महाग होती आणि त्यांसाठी मोठे मैदान लागे. म्हणून ली-एनफिल्ड रायफलींना .२२ व्यासाची नळी देण्यात आली. .३०३ काडतुसाची आघातटोपी बुडाच्या मध्यभागी असते, तर .२२ मध्ये स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत असते; त्यामुळे बोल्टही बदलावा लागला. हाताळणी मात्र मूळ रायफलीसारखीच राहिली.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रशिक्षणात याच परंपरेतील 'नंबर २ मार्क ४' रायफल आली. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, छात्रसेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. बारामती-इंदापूरसारख्या ग्रामीण तालुक्यांतील विद्यार्थ्यांपर्यंत नेमबाजीचे शिक्षण नेण्यास असे स्वस्त काडतूस व २५ यार्डांचे छोटे मैदानच सोयीचे होते.

तथापि खांद्याला बसणारा धक्का आणि दूर पल्ल्यावरील वाऱ्याचा परिणाम या रायफलीने शिकविता येत नाही. त्यामुळे युद्धसज्ज सैनिक घडविण्यापेक्षा विद्यार्थ्यांत शस्त्रविषयक शिस्त रुजविणे, हेच तिचे खरे योगदान मानावे लागते.