बिडात कोरलेले दफ्तर : कोल्हापुरातील एका जुन्या ट्रकच्या इंजिनाची पुनर्बांधणी

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद वाचायला शिकवतात. ताम्रपट, मोडी दफ्तर, संस्थानकालीन अहवाल. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मला निराळेच दफ्तर वाचायला मिळाले. ते बिडाचे होते, तेलाने माखलेले होते आणि साखळदंडाने टांगल्याशिवाय जागचे हलत नव्हते. एका जुन्या शेवरोले ट्रकचे ते इंजिन. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ हा ट्रक एके काळी शाहूपुरीच्या बाजारपेठेतून गुळाचे रवे वाहत असे. पुढे कित्येक दशके तो मालकांच्या गोठ्यालगतच्या छपरात उभा राहिला. नातवाने तो पुन्हा चालता करायचे ठरवले. पत्रा ठोकता येतो, रंग देता येतो, लाकडी हौदा नवा बांधता येतो. खरा प्रश्न इंजिनाचा होता. सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारे, साडेतीन लिटरचे. आणि ज्याचे सुटे भाग कोल्हापूरच्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत असे.

३/ पहिला प्रश्न इतिहासाचाच : हे इंजिन कधीचे? मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने ब्लॉकची बाजू घासली आणि उठावाची अक्षरे दिसू लागली : सी, १८, ८. शेवरोलेच्या ओतशाळांत ओतकामाची तारीख अशी साच्यातच घालत. अक्षर महिन्याचे, म्हणजे सी हा मार्च. मग दिवस, आणि शेवटी वर्षाचा केवळ अखेरचा अंक. म्हणजे १८ मार्च; पण १९३८ की १९४८?

४/ येथे दुसरा पुरावा लागतो. कागदावर मिती असून शक नसेल, तर आपण मजकुरातील व्यक्ती आणि पदव्या तपासतो. येथे ट्रकची केबिन तपासायची. शेवरोलेने या गोलसर, रुंद केबिनची नवी मालिका १९४७ मध्ये बाजारात आणली. इंजिन आणि केबिन मुळापासून एकत्र असल्याची खात्री बसवणीच्या खुणांवरून झाली. निष्कर्ष : १८ मार्च १९४८.

५/ त्या दिवशी कोल्हापूर अजून संस्थान होते. मुंबई प्रांतात त्याचे विलीनीकरण व्हायला जवळजवळ वर्षाचा अवकाश होता (१ मार्च १९४९). सरकारी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला निघाली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सरकारी प्रवासी वाहतूक अवतरली, त्याच वर्षी हे बीड सातासमुद्रापलीकडे साच्यात ओतले गेले.

६/ मग ते कोल्हापुरात कसे आले? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि शिवडीत त्यांची गाडी होई. ही व्यवस्था फार टिकली नाही. गाड्यांची नुसती जुळणी करण्यापेक्षा त्या देशातच घडवाव्यात, हे स्वतंत्र भारताचे धोरण ठरले आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील काम थांबवले. त्याच वर्षी टाटांचा डाइमलर-बेन्झशी करार होऊन जमशेदपुरात डिझेल ट्रक बनू लागले.

७/ वर्तमानपत्रासाठी ही औद्योगिक धोरणाची बातमी होती. पण ज्याच्या दारात सहा वर्षे वयाचा शेवरोले उभा होता, त्याच्यासाठी तिचा अर्थ एवढाच : आता सुटे भाग दुर्मीळ होणार आणि परवान्याशिवाय बाहेरून काही येणार नाही. जे मोडेल ते गावातच घडवावे लागेल. कोल्हापूर हे करू शकले. का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

८/ मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवून गुळाला बाजारपेठ दिली. १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. शेजारी कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या जमिनीवर, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसाहत उभारली आणि तेथे लोखंडी नांगर घडू लागले. ऊस म्हटला की पाणी उपसणारे इंजिन आले, रस गाळणारा चरक आला. आणि ही यंत्रे ऐन हंगामात बंद पडली तर काहिलीवर रस चढत नाही. दुरुस्ती येथे हौस नव्हती, पिकाची निकड होती.

९/ या हातांची झेप किती होती, याचे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात सापडते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच चित्रपटाचा कॅमेरा घडवला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. परदेशी यंत्र समोर ठेवायचे, ते समजून घ्यायचे आणि आपल्या लेथवर त्याचे भावंड घडवायचे, ही या गावाची जुनी रीत आहे.

१०/ आता पुन्हा इंजिनाकडे. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडली, तर खाली ‘४०’ हा अंक ठोकलेला. ही पुढची नोंद. पिस्टनच्या रेट्याने सिलिंडर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरच्या अंगाला अधिक झिजतो आणि हळूहळू अंडाकार होतो. मग त्याला कापून पुन्हा गोल करतात आणि मोठा पिस्टन घालतात. यालाच रिबोअरिंग म्हणतात. ‘४०’ म्हणजे चाळीस थाऊ, इंचाचे ४० सहस्रांश, सुमारे १ मिलिमीटर. मूळ व्यास ८८.९ मिलिमीटर.

११/ म्हणजे या इंजिनाने किमान एक आयुष्य पूर्ण करून दुसरे सुरू केले होते, आणि हा मजकूर कोणत्याही कागदावर नाही. आता साठ थाऊपर्यंत कापता आले असते, पण त्यानंतर भिंतीत फारसे बीड उरत नाही. मिस्त्रींनी दुसरा मार्ग सुचवला : भोके मोठी कापून त्यांत नव्या बिडाच्या स्लीव्ह दाबून बसवायच्या आणि व्यास पुन्हा मूळ मापावर आणायचा. खर्च अधिक. पण त्यांचे म्हणणे असे : “आज आपण सगळं कापून खाल्लं, तर पुढच्या माणसानं काय कापायचं?” जतनशास्त्राच्या वर्गात हे तत्त्व मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

१२/ मध्येच एक सोपा पर्याय पुढे आला : हे पेट्रोल इंजिन बाजूला ठेवून एखादे डिझेल बसवावे. याला अनैतिहासिक म्हणून हिणवता येत नाही. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्स डिझेल इंजिने बनू लागल्यावर देशभर कितीतरी जुन्या अमेरिकी ट्रकांत ती बसली, कारण डिझेल स्वस्त पडे. अशा ट्रकमधले पर्किन्स काढून आज मूळ पेट्रोल इंजिन घातले, तर त्याच्या आयुष्यातील कष्टाची वर्षे पुसली जातील. आमच्या ट्रकमध्ये मात्र मूळ इंजिन शेवटपर्यंत होते. म्हणून ते ठेवायचे ठरले.

१३/ सर्वांत अवघड काम कनेक्टिंग रॉडचे. आजच्या इंजिनात क्रँकभोवती पातळ, बदलता येणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या असतात. १९५३ पर्यंत शेवरोलेच्या या जातीच्या इंजिनांत व्हाइट मेटल थेट रॉडमध्येच ओतलेले असे. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा हा मिश्रधातू आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये काढला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेलात कचरा आला तर तो या मऊ धातूत रुतून बसतो, झिजायचे ते हाच झिजतो आणि महागडा क्रँकशाफ्ट वाचतो.

१४/ जुना थर वितळवून काढायचा. रॉड तापवून आत कल्हई करायची, नाहीतर नवा धातू धरत नाही. मग एका धारेत, न थांबता ओतायचे. निवल्यावर लेथवर कापायचे. शेवटी क्रँकला निळा रंग लावून रॉड फिरवून पाहायचा : जेथे निळे डाग उमटतील तेथे उंचवटा. तो स्क्रेपरने हाताने खरवडायचा आणि पुन्हा पाहायचे. एका रॉडला अर्धा दिवस. रॉड सहा. कारखान्यात संगणकावर चालणारी उत्तम यंत्रे होती, ती चालवणारी तरबेज मुले होती. पण हे ओतकाम येणारा माणूस एकच, आणि ते सत्तरी ओलांडलेले.

१५/ कोल्हापूरकरांना दसऱ्याचे दृश्य ठाऊक आहे. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि गर्दी मान वळवते. जर्मनीच्या मेबॅक कारखान्याने त्या काळातील मोटारींचे उत्पादन १९४१ मध्येच थांबवले. निर्माता थांबल्यावर यंत्र जगते ते पाळणाऱ्यांच्या निगेवर. हे मेबॅकला लागू तसेच गुळाच्या ट्रकलाही. फरक इतकाच की राजमोटारीची छायाचित्रे निघतात आणि मालवाहू गाडी बहुधा भंगारात जाते.

१६/ इंजिन सुरू झाले तो दिवस. पहिल्या दोन प्रयत्नांत नुसती खोकली. तिसऱ्यांदा धरले. तेवढ्यात एका तरुण फिटरने ओरडून बंद करायला सांगितले, कारण तेलाच्या दाबाचा काटा १४ पौंडांच्या आसपास थांबला होता. आजच्या इंजिनात एवढा कमी दाब धोक्याचा मानतात. मिस्त्री हसले. “हिचा एवढाच असतोय रे.” या इंजिनात रॉडच्या तळाशी लहान पळ्या असतात, त्या फिरता फिरता पन्हाळीतले तेल उचलतात. त्याला फार दाब लागतच नाही. हे त्यांना कोणत्या पुस्तकातून कळले नव्हते.

१७/ एक गोष्ट खटकत राहिली. ब्लॉकवर ओतशाळेने तारीख घातली, पिस्टनवर माप ठोकलेले होते. पण ‘४०’चे रिबोअरिंग ज्याने केले, त्याचे नाव कोठेच नाही. वाय. पी. पोवार यांचे नाव एका औद्योगिक वसाहतीला मिळाले, हे योग्यच झाले. तथापि ज्या शेकडो टर्नर, फिटर, ओतकाम करणाऱ्यांनी हे शहर उभे केले, त्यांचे दफ्तर अजून कोणी बांधलेले नाही.

१८/ म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. कापण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरची मापे लिहून ठेवली. जुने सहा पिस्टन भंगारात न घालता चिठ्ठ्या लावून पेटीत ठेवले. व्हाइट मेटलचे ओतकाम चित्रित केले आणि मिस्त्रींची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. वहीत त्यांचे पूर्ण नाव, गाव, कोणाच्या हाताखाली शिकले, हे सारे लिहिले. वहीची एक प्रत मालकांच्या घरी राहील.

१९/ तुमच्या गावातही एखादे जुने इंजिन असेल : विहिरीवर, गुऱ्हाळात, बंद पडलेल्या गिरणीत. ते उघडले जाईल तेव्हा तेथे हजर राहा. अंक टिपून घ्या, छायाचित्रे काढा. आणि आधी त्या माणसाला विचारा, ज्याच्या हातात स्क्रेपर आहे. बीड आणखी शंभर वर्षे थांबेल. तो थांबणार नाही.