पारध, झुंज आणि उत्क्रांती : एका खेळातील तीन शब्दांचा इतिहास

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या नावाचा एक खेळ विक्रीस आला. निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो ‘गेम फ्रीक’ या संस्थेने तयार केला होता. पुढे ‘पोकेमॉन’ या संक्षिप्त नावाने तो जगभर पसरला. त्याची रचना तीन क्रियांवर उभी आहे. खेळाडू रानातील काल्पनिक प्राणी पकडतो. त्याला इतर प्राण्यांशी लढवतो. आणि पुरेसा अनुभव गाठीस आला की त्या प्राण्याचे रूप पालटते. मराठीत या क्रियांना पारध, झुंज व उत्क्रांती हे शब्द लावता येतात. तिन्ही शब्द खेळाहून फार जुने आहेत. त्यांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, मराठीच्या चालू व्यवहारात मागे पडलेले त्यांचे अर्थ या परक्या खेळात पुन्हा एकत्र आले आहेत.

‘पारध’ हा शब्द प्राकृत ‘पारद्धि’पासून आला. आज तो ‘शिकार’ या फारसी शब्दाचा केवळ पर्याय समजला जातो. परंतु शिकारीत जनावर मारणे प्रधान असते, तर फासेपारध्याच्या पारधीत ते जिवंत हाती येणेही तितकेच महत्त्वाचे होते. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. त्यांतील फासेपारधी, चितेपारधी ही नावे पकडण्याच्या साधनावरून पडलेली आहेत. तितर धरण्याची जुनी रीत या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून भोवती फास मांडीत. तो ओरडू लागला की त्या रानातील नर आपल्या हद्दीत शिरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यास धावून येई व फासात अडके. म्हणजे रानातला पक्षी हाती येई तो पाळलेल्या पक्ष्याच्या योगे, आणि त्याच्या लढण्याच्या ईर्ष्येमुळेच.

१९९६ च्या खेळातील पारध नेमकी याच तत्त्वावर चालते. खेळाडूस आरंभी एक प्राणी दिला जातो. त्याच्याकरवी रानातील प्राण्याला दुर्बल करावे व मग त्याच्यावर चेंडू टाकावा, असा क्रम आहे. प्रहार अधिक झाला व प्राणी मूर्च्छित पडला तर तो हातचा जातो. पारध्याला लागणारा संयम येथे नियमाच्या रूपाने आला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे उपलब्ध झालेल्या ‘पोकेमॉन गो’ या पुढच्या अवतारात मात्र हा दुवा तुटला. नागपुरात हा खेळ खेळणाऱ्याच्या पडद्यावर रामदासपेठेतील रस्त्यांचाच नकाशा उमटतो आणि त्यावर प्राणी प्रकट होतात. पण रस्त्यात भेटलेला असा प्राणी धरण्यास झुंज लागत नाही, नेम धरून चेंडू फेकणे पुरते.

‘झुंज’ हा शब्द संस्कृत ‘युध्’ धातूच्या प्राकृत ‘जुज्झ’ या रूपाशी जोडलेला आहे. प्राण्यांच्या झुंजींचे शास्त्रशुद्ध वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आढळते. हा ग्रंथ इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून त्यातील काही मराठी पंक्तींमुळे तो मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच्या चौथ्या विंशतीत वीस विनोद वर्णिले आहेत. त्यांत कुक्कुट, लावक, मेष व महिष, म्हणजे कोंबडा, लावा, एडका व रेडा, यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. मृगयेचे प्रकरण याच विंशतीत, पण निराळे आहे. पकडणे हा एक विनोद व झुंजविणे हा दुसरा. पक्षी धरणारा एक, त्याची निगा राखणारा दुसरा, आणि झुंज पाहणारा राजा तिसरा, अशी ही व्यवस्था होती. नव्या खेळाने या तिघांना एका मुलाच्या ठिकाणी एकत्र आणले.

तिसरा शब्द सर्वांत वादग्रस्त होय. खेळातील ‘कॅटरपी’ ही अळी सातव्या पातळीवर ‘मेटापॉड’ हा कोष होते आणि दहाव्या पातळीवर ‘बटरफ्री’ हे फुलपाखरू. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी टोकियोजवळील माचिदा येथे किडे गोळा करण्याचा छंद होता, हे लक्षात घेता या क्रमाचे आश्चर्य वाटत नाही. तथापि या बदलास जपानीत ‘शिन्का’ व इंग्रजीत ‘इव्होल्यूशन’ म्हणतात. हे दोन्ही शब्द जीवशास्त्रात डार्विनच्या सिद्धांतासाठी रूढ आहेत. डार्विनची उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या समूहात घडते. एका जिवाच्या आयुष्यात घडते ते रूपांतरण. शास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग चुकीचाच आहे.

शब्देतिहासाच्या दृष्टीने मात्र निराळा निर्णय संभवतो. ‘इव्होल्यूशन’ म्हणजे मुळात गुंडाळलेले उलगडणे. अठराव्या शतकात हा शब्द एकेका गर्भाच्या वाढीस लावीत असत, आणि डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत तो नामरूपाने आलेलाच नाही. संस्कृतात ‘उत्क्रान्ति’ म्हणजे बाहेर पडणे. वेदान्तात प्राणाचे देह सोडून जाणे. एक देह टाकून दुसऱ्या देहात प्रकट होणाऱ्या प्राण्यास हा जुना अर्थ डार्विनच्या अर्थापेक्षा अधिक जवळचा आहे. चूक शास्त्राची आहे, शब्दाची नाही.

शब्दांचे अर्थ असे परत येत असताना ते ज्यांच्या व्यवहारात जिवंत होते त्या लोकांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. १८७१ च्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची जी पद्धत सुरू झाली तिच्या कक्षेत फासेपारधीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला गेला, समाजाच्या मनातून नव्हे. १९६० च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी व १९७२ च्या कायद्याने रानपक्ष्यांची पारध निषिद्ध झाली. प्राण्यांच्या हिताचे हे कायदे योग्यच होते. परंतु त्यांमुळे ज्यांची उपजीविका गेली त्यांना तिच्या बदली पुरेसे काही मिळाले नाही. जे कौशल्य पारध्याच्या मुलास संशयित ठरविते, तेच पडद्यावर नायकाचे भूषण ठरते.

भाषाभ्यासकाचे कर्तव्य यातून स्पष्ट होते. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाने पारधी बोलीची गणना भिल्ली भाषांत केली. पण फासांचे प्रकार, पक्ष्यांच्या हाका, पाळलेल्या तितराची निगा यांविषयीची त्या बोलीतील शब्दसंपत्ती वृद्धांच्या स्मरणावर अवलंबून आहे. पारध थांबली असल्याने नव्या पिढीला ते शब्द वापरण्याचा प्रसंग येत नाही. पहिल्या खेळातील १५१ काल्पनिक प्राण्यांची नावे, जाती व लक्षणे आज बारकाईने नोंदलेली आहेत. विदर्भातील पारध्यांच्या शब्दांची तितकीच काळजीपूर्वक नोंद करणे हे नागपूरच्या अभ्यासकांस अशक्य नाही, आणि ते ही वृद्ध पिढी हयात असेपर्यंतच करता येईल.