पथ्य आणि उपाहारगृह : एका संबंधाचा इतिहास

उपाहारगृहाचा इतिहास हा सामान्यतः नागरी सुखसोयींचा आणि पाककलेच्या उत्कर्षाचा इतिहास मानला जातो. या दृष्टीने पाहणाऱ्यास पथ्य पाळणारा मनुष्य हा तेथील उपरा पाहुणा वाटतो. 'यात गव्हाचे पीठ आहे काय?' असे विचारून तो वाढप्याचा वेळ घेतो आणि आचाऱ्याने सिद्ध केलेल्या पदार्थांतून अमुक वगळा, तमुक काढा, अशी मागणी करतो. ग्लुटेनविरहित आहार घेणारांची आणि तथाकथित पुराश्मयुगीन आहाराच्या पुरस्कर्त्यांची संख्या गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत वाढली, तेव्हापासून ही समजूत अधिकच दृढ झाली आहे. तथापि उपलब्ध साधनांचा विचार करता वस्तुस्थिती निराळी दिसते. उपाहारगृह ही संस्था मुळात पथ्यकरांसाठीच उदयास आली. रसिक खवय्ये तेथे मागाहून आले. अन्न निर्दोष असल्याची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न या संस्थेच्या जन्मापासूनच तिच्याशी निगडित असून त्याचे उत्तर मात्र काळानुसार पालटत गेले आहे. त्या पालटाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

'रेस्तोराँ' हा फ्रेंच शब्द आज स्थळवाचक झाला असला, तरी मुळात ते एका पदार्थाचे नाव होते. क्षीण झालेल्या देहास पुन्हा उभारी देणारा मांसरस, असा त्याचा अर्थ. झाकण घट्ट बसविलेल्या भांड्यात, पाणी न घालता किंवा अगदी अल्प पाण्यात, मांस दीर्घकाळ शिजवून हा अर्क काढीत असत. दिदरोच्या संपादकत्वाखाली निघालेल्या सुप्रसिद्ध फ्रेंच विश्वकोशाच्या १७६५ सालच्या खंडातही हा शब्द वैद्यकातील संज्ञा म्हणूनच नोंदलेला आहे.

त्या काळी पॅरिसमध्ये घराबाहेर जेवावयाचे म्हणजे बहुधा 'ताब्ल-दोत'वर, अर्थात यजमानाच्या मेजावर, बसावे लागे. ठरलेल्या वेळी एका लांब मेजाभोवती अपरिचितांसह बसावयाचे आणि जे शिजले असेल ते सर्वांनी घ्यावयाचे, अशी तेथील रीत होती. महाराष्ट्रातील जुन्या खाणावळीची पंगत डोळ्यांपुढे आणली म्हणजे या पद्धतीची कल्पना येते. अशा ठिकाणी दुर्बळ प्रकृतीच्या मनुष्याची अडचण होणे स्वाभाविक होते. त्याची भूक इतरांच्या वेळेस लागत नसे आणि इतरांचे अन्न त्यास पचत नसे.

१७६६ च्या सुमारास मातुरँ रोझ द शांत्वाझो याने ही उणीव ओळखली. १७६९ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या व्यावसायिकांच्या नामावलीत त्याने स्वतःची नोंद पहिला 'रेस्तोरातर' म्हणून केली आहे. १७६७ सालच्या एका पत्रात खुद्द दिदरोनेही अशा ठिकाणी भोजन केल्याचा उल्लेख केला आहे. ज्यांची छाती नाजूक आहे आणि ज्यांना रात्रीचे जड जेवण सोसत नाही, अशांसाठी मांसरस, ताजी अंडी यांसारखे हलके पदार्थ येथे मिळत. या गृहांना 'आरोग्यगृह' असेही म्हटले जाई.

या संदर्भात एका प्रचलित कथेचा परामर्श घेणे आवश्यक आहे. बुलांजे नावाच्या गृहस्थाने १७६५ साली मेंढीचे पाय पांढऱ्या रस्स्यात शिजवून विकले, शिजविलेले अन्न विकणाऱ्यांच्या श्रेणीने त्याच्यावर दावा लावला, आणि तो दावा जिंकल्यामुळे उपाहारगृहाचा मार्ग मोकळा झाला, असे अनेक ग्रंथांत लिहिलेले आढळते. परंतु रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, या खटल्याचा कोणताही समकालीन पुरावा दप्तरांत मिळत नसल्याचे दाखवून दिले आहे. ही कथा बाजूस सारली म्हणजे खादाडीच्या स्वातंत्र्याचा लढा अशी उपाहारगृहाच्या जन्माची जी प्रतिमा रूढ झाली आहे, ती टिकत नाही आणि वैद्यकीय पार्श्वभूमी स्पष्टपणे पुढे येते.

या नव्या गृहांची वैशिष्ट्ये चार होती. प्रत्येकास स्वतंत्र मेज मिळे. कोणत्याही वेळी जाता येई. पदार्थांच्या यादीतून निवड करता येई. आणि जे घेतले तेवढ्याचेच मोल द्यावे लागे. आज ही लक्षणे केवळ सोयीची वाटतात. परंतु त्यांचा उगम एकाच गोष्टीत आहे : प्रत्येकाची प्रकृती भिन्न म्हणून प्रत्येकाचा आहारही भिन्न, ही त्या काळातील वैद्यकीय धारणा. पदार्थांची छापील यादी ही ग्राहकाच्या हाती पथ्याची निवड सोपविण्याच्या गरजेतून रूढ झाली, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

२

पुढील दोन दशकांत या संस्थेचे रूप झपाट्याने पालटले. आंत्वान बोव्हिलिए याच्यासारख्या कुशल आचाऱ्यांनी उंची पदार्थ, उत्तम मद्य आणि डौलदार दिवाणखाने यांची जोड देऊन उपाहारगृहास प्रतिष्ठा मिळवून दिली. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर सरदारघराण्यांतील बेकार झालेल्या आचाऱ्यांनी उपाहारगृहे स्थापन केली, हे म्हणणे काही अंशी खरे असले, तरी संस्था त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे अस्तित्वात होती, हे विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांसरसाचे नाव भोजनगृहास कायमचे चिकटले आणि मांसरस मात्र यादीतील अनेक पदार्थांपैकी एक होऊन बसला.

हे स्थित्यंतर ब्रिया-साव्हारँच्या १८२५ सालच्या ग्रंथात स्पष्ट दिसते. याच ग्रंथात त्याने उपाहारगृहचालकावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि याच ग्रंथात स्थूलतेचे मूळ पिठूळ पदार्थांत आहे, असे सांगून ते वर्ज्य करण्याचा उपदेश केला. म्हणजे धान्यवर्ज्य आहार आणि उपाहारगृह ही दोन्ही प्रकरणे एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरली. मात्र तोपर्यंत पथ्य ही ग्राहकाची खासगी बाब ठरली होती. यादीतून काय घ्यावे व काय टाळावे, हे त्याचे त्याने ठरवावयाचे. चूक झाल्यास फळही त्यानेच भोगावयाचे. त्या काळातील पथ्यांत एखादा घास इकडचा तिकडे झाल्याने मोठासा अनर्थ होत नसल्यामुळे ही व्यवस्था चालून गेली.

३

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र अशा एका पथ्याचा शोध लागला की, जे या व्यवस्थेत बसणे शक्य नव्हते. सीलिॲक विकाराचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्य अरेटिअस याच्या लेखनात येते. लंडनच्या सॅम्युएल जी या वैद्याने १८८८ साली त्याचे आधुनिक वर्णन केले आणि हा रोग बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल, असे प्रतिपादिले. परंतु कोणत्या आहाराने, हे त्यास उमगले नव्हते. त्याच्या एका बालरुग्णास प्रतिदिनी भरपूर शिंपले दिल्याने गुण आला; हंगाम संपताच रोग उलटला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडने हास यांनी केळ्यांचा आहार सुचविला व तो बराच काळ प्रचारात राहिला. केळ्यांच्या या आहारात गहूही वगळला गेला होता. गुण केळ्याचा मानला गेला.

गव्हातील चिकट द्रव्य बोलोन्याच्या बेक्कारी याने १७२८ सालीच वेगळे करून दाखविले होते. त्याचा या रोगाशी असलेला संबंध उलगडण्यास मात्र आणखी दोन शतके जावी लागली. हेग येथील बालरुग्णालयाचे प्रमुख विलेम कारेल डिके यांनी १९४१ सालीच गव्हाविना आहाराविषयी टिपण प्रसिद्ध केले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलंड्‌समध्ये भीषण दुष्काळ पडला आणि पाव दुर्मिळ झाला. त्या काळात ही मुले सुधारत असल्याचे व पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडत असल्याचे दिसून आल्याने त्यांच्या तर्कास बळकटी आली, असे सांगितले जाते. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी हा सिद्धान्त मांडला. वेयर्स व फान डे कामर यांच्या सहकार्याने झालेल्या संशोधनातून गव्हातील ग्लुटेन हेच दोषी द्रव्य असल्याचे निश्चित झाले.

या शोधाने पथ्याचे स्वरूपच बदलले. रुग्णास गहू, जव व राय ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासानुसार दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्यास इजा होऊ शकते. पावाच्या एका कापात साधारणतः दोन ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लुटेन असते, हे लक्षात घेता त्या कापाचा चाळिसावा भागही निरुपद्रवी ठरत नाही. अशा स्थितीत ग्राहकाच्या सावधगिरीला मर्यादा पडतात. पदार्थ डोळ्यांनी पाहून किंवा चाखून त्यास काही कळत नाही. रस्सा दाट करण्यास घातलेले पीठ, शेवया उकळलेले पाणी, पाव तळलेल्या कढईतील तेल या सर्व गोष्टी स्वयंपाकघराच्या दाराआड घडतात. परिणामी अनेक रुग्ण बाहेर जेवण्याचेच टाळतात. स्नेहभोजन, विवाहसमारंभ, सहकाऱ्यांबरोबरची मेजवानी यांपासून दूर राहणे हा या रोगाचा एक सामाजिक परिणाम होय, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो शारीरिक परिणामाइतकाच महत्त्वाचा आहे.

४

याच सुमारास निराळ्या प्रेरणेने धान्यवर्ज्य आहाराचा दुसरा एक प्रवाह सुरू झाला. वॉल्टर व्हॉग्टलिन या अमेरिकी वैद्याचे अश्मयुगीन आहारावरील पुस्तक १९७५ साली निघाले. १९८५ साली बॉइड ईटन व मेल्व्हिन कॉनर यांच्या शोधनिबंधाने या कल्पनेस विद्वन्मान्य रूप दिले आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. कृषिपूर्व मानवाने धान्य खाल्ले नाही, म्हणून आधुनिक मानवानेही खाऊ नये, असा या मताचा लोकप्रिय गाभा आहे. त्याचा ऐतिहासिक आधार मात्र दुबळा आहे. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वी रानटी जव गोळा करून दळल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. जॉर्डनमधील शुबायका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे शेतीच्या आरंभापूर्वी सुमारे ४,००० वर्षांच्या, भाकरीसदृश पदार्थाचे अवशेष आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

उपाहारगृहाच्या दृष्टीने येथे एक विलक्षण स्थिती उद्भवली. आवडीने धान्य सोडणारा आणि रोगामुळे धान्य सोडावे लागणारा असे दोन ग्राहक एकाच शब्दांत एकच मागणी करू लागले. पहिल्यास कणभर पिठाने काही होत नाही, दुसऱ्यास होते. पहिल्याच्या संख्याबळामुळे बाजारात पर्यायी पदार्थ आले व दुसऱ्याची सोय झाली, हे मान्य करावे लागते. परंतु ही मागणी म्हणजे एक टूम आहे, अशी समजूत झाल्याने आचाऱ्याची दक्षता शिथिल होण्याचा धोकाही त्यातूनच उत्पन्न झाला.

५

ग्राहकाची सावधगिरी व आचाऱ्याचा शब्द ही दोन्ही अपुरी पडल्यावर तिसरी हमी कायद्याची आली. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने ग्लुटेनविरहित पदार्थांचे मानक १९७९ साली प्रथम तयार केले आणि २००८ साली किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. अमेरिकेने हीच मर्यादा २०१३ साली स्वीकारली. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार १३ डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही पदार्थांतील ग्लुटेनयुक्त धान्यांची माहिती देणे बंधनकारक झाले. इटलीने याहून पुढचे पाऊल २००५ सालीच टाकले होते. तेथील १२३ क्रमांकाच्या कायद्याने सीलिॲक विकारास सामाजिक रोग म्हणून मान्यता दिली आणि शाळा, रुग्णालये व सार्वजनिक संस्थांच्या भोजनगृहांत ग्लुटेनविरहित जेवण मागणाऱ्यास ते पुरविण्याची तरतूद केली. पाव व शेवया हेच ज्या देशाचे मुख्य अन्न, तेथे सहभोजनाचा अधिकार कायद्याने मान्य व्हावा, ही घटना लक्षणीय आहे. भारतातही २०२० च्या नियमांनी, दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांवर पदार्थांतील अशा घटकांची माहिती देण्याची जबाबदारी टाकली.

असे असले, तरी कायदा प्रामुख्याने घटकांची माहिती मागतो. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उडणारे पीठ त्याच्या कक्षेत सहज येत नाही. अमेरिकेत ग्राहकांनीच लहान परीक्षणयंत्राने केलेल्या ५,६२४ चाचण्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ग्लुटेनविरहित म्हणून वाढलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्क्यांत ग्लुटेन आढळले. पिझ्झ्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. चाचणीचे पदार्थ ग्राहकांनीच निवडलेले असल्याने या आकड्यांतून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तरीही लिखित आश्वासन आणि स्वयंपाकघरातील व्यवहार यांतील अंतर त्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

६

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयास एक विशेष अंग आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ही येथील पारंपरिक धान्ये स्वभावतः ग्लुटेनविरहित आहेत. उपाहारगृहांत मिळणारे साबुदाणा, वरी, राजगिरा व शिंगाडा यांचे उपवासाचे पदार्थही तसेच. परंतु साम्य येथेच संपते. भाकरी त्याच परातीत थापली जाते, जेथे पोळीची कणीक मळली जाते. आमटीतील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. व्रतात अजाणता घडलेला दोष क्षम्य मानला जातो; आतड्यास मात्र हेतू कळत नाही.

स्वयंपाकघरात वेगळी भांडी व वेगळी चूल राखण्याची कल्पना या समाजास नवी नाही. सोवळ्याच्या आचारात ती होतीच. मात्र त्या वेगळेपणाचा रोख माणसांवर होता. पंगतीत कोण बसावे व कोण बसू नये, हे त्याने ठरविले जाई. ग्लुटेनविरहित स्वयंपाकातील वेगळेपणाचा रोख पिठावर आहे आणि त्याचा हेतू दूर राहिलेल्या माणसास पंगतीत आणून बसविणे हा आहे. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन आचारांतील हा भेद सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करता कामा नये.

सारांश, ग्राहकाचा विवेक, आचाऱ्याचा शब्द आणि कायद्याने ठरविलेला आकडा या तीन हमी इतिहासात क्रमाने आल्या. परंतु नंतरचीने आधीचीची जागा घेतली नाही. तिन्ही एकत्र असतील, तेथेच पथ्यकर निर्धास्तपणे जेवू शकतो. श्रेणींची दप्तरे व पाकग्रंथ यांच्याबरोबरच पदार्थांच्या याद्या, रुग्णसंघटनांची पत्रके व अन्नविषयक नियमावल्या हीदेखील इतिहासाची साधने आहेत. त्यांच्या आधारे पाहता, वाढप्यास थांबवून पिठाची चौकशी करणारा ग्राहक उपाहारगृहाच्या परंपरेत परका ठरत नाही. ज्याच्यासाठी हे दार १७६६ च्या सुमारास प्रथम उघडले, त्याचाच तो वारस होय.