वळवाची वीज आणि बर्फाचे मौन



शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले म्हणजे किल्ले, सनदा आणि लढाया यांची अपेक्षा असते. किल्ला माझ्याही विवेचनात येणार आहे. परंतु आजचा विषय ढगांचा, किंबहुना ढगांविषयी माणसाला झालेल्या ज्ञानाचा आहे. हिमवर्षाव होत असताना वीज का कडाडत नाही, हा तो प्रश्न.

बेळगाव-निपाणीच्या भूमीत बर्फ पडत नाही. मग हा प्रश्न आपल्याला कशासाठी? एक कारण आपल्या घराघरांत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावी आहे, आणि या पट्ट्यातील क्वचितच एखादे गाव असे असेल की जिथला जवान काश्मीर-लडाखच्या चौक्यांवर हिवाळा काढून आलेला नाही. तिथला बर्फ रात्रभर पडत राहतो आणि सकाळी दार उघडले म्हणजेच तो किती पडला ते कळते. पावसाबरोबर गडगडाट ऐकत वाढलेल्या माणसाला हे मौन प्रथम चमत्कारिक वाटते. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आकाशातून घन रूपात पडणारे पाणी आपणही पाहतो, ते गारांच्या रूपाने. पण आपल्या गारा कधी मुक्याने येत नाहीत. चैत्र-वैशाखातल्या वळवात गार आणि वीज हातात हात घालूनच येतात. तिकडे बर्फ पडतो तर वीज नाही, इकडे गार पडते तर वीज आहेच. आणि आषाढात, जेव्हा आंबोली-चोर्ल्याच्या घाटात दिवस-दिवस धार तुटत नाही, तेव्हा पुन्हा वीज जवळजवळ नाही. या तीन गोष्टी शेजारी मांडल्या म्हणजे हिमवर्षावाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अंगणात सापडण्याजोगे आहे, असे मला वाटते.

आपल्या शेतकऱ्याला ही वाटणी फार पूर्वीपासून ठाऊक होती. रोहिणीत आणि मृगाच्या तोंडावर मेघ गर्जतात. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस संथ, चिवट, न बोलणारा असतो. हस्तात, म्हणजे हत्तीच्या पावसात, आकाशाला पुन्हा वाचा फुटते. नक्षत्रांचे हे गणित निरीक्षणाच्या दृष्टीने उत्तम आहे. त्यात कारण सांगितलेले नाही, एवढेच.

कारणाच्या शोधाला लागण्यापूर्वी किल्ल्याकडे वळू. सिंहगडावर चढताना उजव्या हाताला दारूकोठाराची दगडी इमारत लागते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली. गडाच्या तत्कालीन फडणिसांचे घर त्यात उद्ध्वस्त झाले व घरातील सर्व माणसे मरण पावली, असे गडाच्या वर्णनात सांगितले जाते. तारखेकडे लक्ष द्यावे. भर पावसाळ्याचा जोर ओसरून ऊन-पावसाचा खेळ पुन्हा सुरू होतो, ते हे दिवस. हीच गोष्ट युरोपातही घडत होती. १७६९ साली इटलीतील ब्रेशा शहरी साठविलेल्या दारूवर वीज पडून शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. फरक एवढाच की ब्रेशाच्या वेळी उपाय माहीत झालेला होता, सिंहगडाच्या वेळी तो अजून प्रयोगाने सिद्ध झालेला नव्हता. बेंजामिन फ्रँकलिनने सुचविलेला प्रयोग पॅरिसजवळ मार्ली येथे पहिल्याने यशस्वी झाला तो १० मे १७५२ रोजी. म्हणजे सिंहगडानंतर अवघ्या आठ महिन्यांनी. उंच लोखंडी कांबीतून ढगाखाली ठिणगी निघाली आणि आकाशातली वीज व प्रयोगशाळेतली वीज एकच, हे सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान हा शास्त्रज्ञ याच प्रयोगात प्राणास मुकला.

वीज ढगात आहे हे कळले. ती तिथे येते कोठून, हे कळायला आणखी दोनशे वर्षे लागली. आणि त्या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण हिंदुस्थानात घडले आहे.

१९०६ साली जॉर्ज सिम्प्सन नावाचा तरुण इंग्रज शास्त्रज्ञ भारतीय हवामान खात्यात रुजू झाला. त्या वेळी खात्याचे मुख्य ठाणे सिमल्यास होते. ते पुण्यास आले १९२८ मध्ये. सिम्प्सनने सिमल्यास पावसाबरोबर खाली येणारा विद्युतभार मोजण्याचे यंत्र बसविले. पावसाबरोबर धन भारही येतो व ऋण भारही येतो, पण एकंदरीत धन भार अधिक, असे त्याला आढळले. यावरून १९०९ साली त्याने आपली उपपत्ती मांडली. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी फुटते तेव्हा थेंबांवर धन व आसपासच्या हवेत ऋण भार येतो, हे लेनार्डने १८९२ मध्ये दाखविले होते. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ते तुषार डोळ्यांपुढे आणता येतील. ढगातही हेच होत असले पाहिजे, असे सिम्प्सन म्हणाला. वर जाणाऱ्या वेगवान वाऱ्यात मोठे थेंब फुटतात, धन भार थेंबांबरोबर राहतो, ऋण भार हवेबरोबर वर जातो.

उपपत्ती सुटसुटीत होती. तिच्यात बर्फाला जागा नव्हती. वीज ही सर्वस्वी पाण्याची करामत ठरत होती. सिम्प्सन सिमल्याऐवजी आंबोलीला चार महिने राहिला असता तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे थेंबांना तोटा नाही. तरी जुलैत वीज का नाही, हे कोडे त्याच्यापुढे रोज उभे राहिले असते. त्याच्यापाशी उत्तर नव्हते असे नाही, वाऱ्याचा वेग पुरेसा नाही असे तो म्हणाला असता, आणि ते अर्धे खरेही होते.

नियतीने त्याला आंबोलीला नेले नाही, थेट दक्षिण ध्रुवाकडे नेले. कॅप्टन स्कॉटच्या १९१० च्या मोहिमेवर तो हवामानशास्त्रज्ञ म्हणून गेला. तिथे बर्फाच्या वादळात त्याने विद्युतमापक लावून पाहिले. वारा बर्फाचे कण उडवू लागला की हवेतील विद्युतदाब प्रचंड वाढे. आकाशात वीज नाही, गडगडाट नाही. पण कण कणावर आदळून भार निर्माण होतो आहे, हे यंत्र सांगत होते. १९१२ मध्ये तो सिमल्यास परतला. ध्रुवावरच्या त्या नोंदीचे मोल मात्र त्याला पुष्कळ पुढे उमगले.

मधल्या काळात त्याचा वाद जुंपला तो सी. टी. आर. विल्सनशी, अभ्रकोष्ठाच्या शोधासाठी पुढे १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा तोच हा विल्सन. ढगाच्या वरच्या भागात धन व खालच्या भागात ऋण भार असतो, असे विल्सनचे म्हणणे. सिम्प्सनचे अगदी उलट. दोघेही जमिनीवर उभे राहून वर बघत होते, ही खरी अडचण. अखेर सिम्प्सननेच ती दूर केली. त्याने आणि स्क्रेसने लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतून गडगडणाऱ्या ढगांत फुगे सोडले. फुग्याबरोबरच्या रासायनिक कागदावर डाग उमटे आणि त्यावरून भार कोणत्या जातीचा ते समजे. १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर धन भार, मध्ये मोठा ऋण भार, हे विल्सनचे खरे ठरले; आणि अगदी तळाशी धन भाराचा एक लहान थर, तो सिम्प्सनला सिमल्यास पावसातून सापडलेल्या भाराशी जुळणारा. शिवाय भाराची मुख्य वाटणी जिथे होत होती तिथले तापमान शून्याच्या पुष्कळ खाली होते. तिथे फुटायला पाण्याचे मोठे थेंब नव्हते, आदळायला बर्फाचे कण होते. ध्रुवावरची वही आता उपयोगी पडली. ज्याने तीस वर्षे पाण्याची बाजू लढविली त्यानेच बर्फाला ढगात स्थान दिले, ही विज्ञानाच्या इतिहासातील मला फार आवडणारी घटना आहे.

पुढचा भाग प्रयोगशाळांनी पुरा केला. अमेरिकेत १९५७ साली रेनॉल्ड्स व त्याच्या सहकाऱ्यांनी आणि १९७८ साली ताकाहाशी यांनी थंड पेटीत कृत्रिम ढग तयार करून दाखविले की नुसते बर्फावर बर्फ आदळून भागत नाही. शून्याखाली जाऊनही न गोठलेले, अतिशीत पाण्याचे सूक्ष्म बिंदू भोवती हवेत. ते बिंदू चिकटून भुसभुशीत गारेचा दाणा वाढत असतो. त्याच्यावर बर्फाचे हलके स्फटिक आदळून उडतात. उणे दहा-पंधरा अंशांच्या खाली अशा टकरीत दाणा ऋण भार घेतो, स्फटिक धन भार घेतो. स्फटिक वाऱ्याबरोबर वर जातात, जड दाणे खाली राहतात, आणि ढगाची दोन टोके विरुद्ध भारांनी भरतात. म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: बर्फ, न गोठलेले पाणी, आणि त्या दोघांना उंचावर तोलून धरणारा जोरदार ऊर्ध्व प्रवाह.

आता आपले तीन पाऊस पुन्हा समोर घ्या. एप्रिल-मे महिन्यांत चिकोडी-निपाणीची काळी रानं दुपारपर्यंत तापून निघतात. तीस अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे तीस ग्रॅम बाष्प मावते. ही जड बाष्पाची हवा उसळते; पाच किलोमीटरच्या आसपास, जिथे शून्य अंश असतो, ती रेषा ओलांडून ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर पोहोचतो. आत दर सेकंदाला दहा-वीस मीटर वेगाने वारा वर चढत असतो. तिन्ही गोष्टी जमल्या. गार आणि वीज एकत्र का येतात, हेही यातच आले. दोघींची भट्टी एकच.

आषाढात सूर्य झाकलेला, जमीन गार. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर नुसता ढकलला जातो. ढग दाट पण बहुधा बुटके. त्यांचे पाणी शून्याची रेषा गाठण्याआधीच थेंबाला थेंब मिळून खाली येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली ती सह्याद्रीवरच्या याच ढगांच्या अभ्यासासाठी. इथे पाणी उदंड आहे, बर्फ नाही.

काश्मीरच्या बर्फात उलटे. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे पाच ग्रॅमही बाष्प मावत नाही. जमीन थंड असल्यामुळे हवेला खालून उसळी नाही. दूरवर पसरलेला ढगांचा थर सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने वर सरकतो. अतिशीत पाणी अत्यल्प, दाणे जवळपास नाहीत, स्फटिक सावकाश तरंगत खाली येतात. इथे बर्फ उदंड आहे, पाणी नाही. आणि दोन्ही ठिकाणी उसळी नाही. आषाढाचा घाट आणि पौषातले गुलमर्ग, दिसायला इतकी दूरची, एकाच उणिवेमुळे मुकी आहेत.

याची पारख करायची तर अपवादाकडे पाहावे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, कानाझावाच्या बाजूला, हिवाळ्यात बर्फाबरोबर वीज कडाडते. तिथल्या लोकांनी त्या गडगडाटाला 'युकिओकोशी', म्हणजे बर्फाला उठविणारी, असे नाव दिले आहे. सायबेरियातून येणारा गोठलेला वारा तिथे उष्ण प्रवाहाच्या समुद्रावरून जातो. समुद्र त्याला खालून ऊब आणि बाष्प दोन्ही देतो. वैशाखात निपाणीचे रान जे काम करते, ते तिथे समुद्र करतो. अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या काठीही असेच घडते.

हे सारे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे दगावली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. आपल्याकडे भय आषाढाचे वाटते. पूर, दरड, पडकी भिंत यांच्यासाठी ते योग्यही आहे. विजेचा काळ मात्र दुसरा. वळवाचे ढग जमतात तेव्हा पाऊस थोडा, कधी थेंबही नसतो, आणि माणूस पेरणीपूर्व मशागतीत उघड्या रानात असतो. कोरडे आहे म्हणून काम चालू राहते, चार थेंब आले की सर्वजण बांधावरच्या एकट्या झाडाखाली गोळा होतात. पाऊस जमिनीवर पोहोचण्याआधीच ढगात भाराची वाटणी होऊन गेलेली असते. म्हणून वीज पावसाची वाट पाहत नाही. चमक आणि आवाज यांमधील सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबात एक दुरुस्ती हवी: ढगाच्या तळापासून दहा किलोमीटर दूरही वीज पडू शकते. तेव्हा मृगाच्या आधी गडगडाट नुसता कानी आला तरी, अंतर न मोजता, खुरपे खाली ठेवून पक्क्या घराकडे निघावे.