जैब, किब्ला आणि विमानाची वाट

मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका गावी मशिदीत नवी फरशी बसवायची होती. फरशीतच सफांच्या काळ्या पट्ट्या टाकायच्या, असं ठरलं. मग कुणीतरी मोबाईल काढला आणि भांडण सुरू झालं. जुनी भिंत थेट पश्चिमेला, म्हणजे २७० अंशांवर. मोबाईल सांगत होता २७९. बुजुर्ग म्हणाले, "हिंदुस्थानात किब्ला म्हणजे मगरिब, बाप-दादे इकडेच तोंड करून गेले. आता हा डब्बा आम्हाला शिकवणार का?" पोरं म्हणाली, मक्का आपल्या उत्तरेला आहे, नकाशा बघा. प्रकरण माझ्याकडे आलं, कारण बी.एड. झालेला माणूस सगळंच जाणतो असा आपल्याकडे समज आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गणितात मी काठावर पास झालेला माणूस.

उत्तर मिळालं ते भाच्याच्या लॅपटॉपवर. तो चंद्रपूरला इंजिनिअरिंग करतो आणि सुट्टीत घुग्घुसला आमच्याकडे येतो. त्याला फ्लाइटगिअर नावाच्या विमान-सिम्युलेटरचं वेड आहे. हा सिम्युलेटर फुकट मिळतो, आणि त्याचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो, बदलू शकतो. १९९६ मध्ये डेव्हिड मर यांनी अशा खुल्या सिम्युलेटरचा प्रस्ताव मांडला आणि पुढे कर्टिस ओल्सन यांनी तो अनेक वर्षं चालवला. भाचा त्यातल्या दोन भागांशी खेळत होता. एक ऑटोपायलट, दुसरा रूट मॅनेजर. पहिला भाग विमान सरळ ठेवतो. विमानाला जायचं कुठं आहे ते दुसऱ्याला ठाऊक असतं.

मी त्याला म्हटलं, घुग्घुसहून मक्केला ने विमान. त्यानं दोन ठिकाणांचे आकडे टाकले आणि विमान निघालं ते ग्रीसच्या डोंगरांकडे. या सिम्युलेटरला आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यावा लागतो, यानं शाळेतल्यासारखं उलटं दिलं होतं. दुरुस्त केल्यावर दिशा आली २७९. मी खूश झालो, पण जरा वेळानं पाहतो तर आकडा बदलतोय. २७८, २७७... आणि मक्केजवळ पोचताना २६५! "मामू, विमान वळत नाहीये," तो म्हणाला, "सरळच चाललंय. जमीन गोल आहे ना." ही वाट आधी २२ अंश अक्षांशाच्या जवळपास वर चढते आणि मग मक्केच्या २१.४ अंशांवर उतरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ मात्र २७२ ची येते. गंमत म्हणजे लांबीत फारसा फरक नाही. गोलावरची वाट सुमारे ४०८० किलोमीटर, पट्टीची वाट तिच्यापेक्षा दहाएक किलोमीटर जास्त. फरक आहे तो निघताना तोंड कुठं करायचं, यात. मशिदीत भांडण नेमकं त्याचंच होतं.

रूट मॅनेजर हे गणित सेकंदाच्या अंशात करतो. माणसाला ते जमायला कित्येक शतकं लागली, आणि त्यातली निम्मी मेहनत किब्ल्यासाठी झाली आहे.

सुरुवात आपल्याकडून करू. आपल्या ज्योतिषांनी वर्तुळाच्या अर्ध्या जीवेचं कोष्टक केलं, तिला ज्या किंवा जीवा म्हटलं. आठव्या शतकात खलिफा मन्सूरच्या काळात हे ज्ञान बगदादला पोचलं. अरबांनी 'जीवा'चं केलं 'जीब'. अरबीत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पुढं वाचणाऱ्यानं तेच अक्षर 'जैब' वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, छातीवरचा पोकळ भाग. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यानं त्याच अर्थाचा शब्द घातला, 'सायनस', आणि तोच आज दहावीच्या पुस्तकात 'साइन' म्हणून बसला आहे. मी उर्दूचा मास्तर, त्यामुळे मला याचं जास्त हसू येतं. आपण शर्टाच्या खिशाला ज्याला जेब म्हणतो तोही हाच शब्द. उस्मानिया विद्यापीठात एकेकाळी गणित उर्दूत शिकवलं जाई, तिथं साइनला जैबच म्हणत. वर्धा नदीपलीकडचा आमचा राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे भास्कराचार्यांची ज्या इथं नदीच्या एका काठाला आणि तिची अरबी नात दुसऱ्या काठाला, अशी स्थिती होती म्हणायची.

या जैबच्या जोरावर अल-बिरुनीनं गझनीहून मक्केची दिशा काढली. १०२५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या 'तहदीद' या ग्रंथात हेच काम आहे: शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवायचे आणि त्यावरून किब्ला काढायचा. मेहमूदच्या स्वाऱ्यांचा इतिहास आपल्याला पाठ असतो. त्याच दरबारातला हा माणूस संस्कृत शिकत होता आणि पृथ्वीचा घेर मोजत होता, हे शाळेत एका ओळीत उरकतात. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत वेळ सांगणाऱ्या अल-खलीलीनं तर कोष्टकच केलं. अक्षांश-रेखांशाच्या दर अंशाला किब्ला किती, अशा जवळजवळ ३,००० नोंदी. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, आम्ही पण असंच करतो, दरवेळी हिशोब नको म्हणून आधीच टेबल भरून ठेवतो.

ही झाली वाटेची गोष्ट. विमान वाटेवर ठेवायचं कसं, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचा इतिहास बराच अलीकडचा. मूळ कल्पना तरी जुनीच आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी तरंगत्या झडपांची यंत्रं केली. पाणी कमी झालं की झडप आपोआप उघडे, भरलं की बंद होई. घरच्या फ्लशच्या टाकीत आजही तेच चालतं. परिणाम बघायचा आणि त्यावरून कृती बदलायची, एवढंच त्यातलं तत्त्व.

विमानात ते १९१४ मध्ये आलं. पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या तरुण अमेरिकनानं लोकांसमोर विमान उडवलं आणि दोन्ही हात वर केले. त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला तरी विमान तोल सोडेना, कारण आत फिरते जायरोस्कोप होते. पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूवर लेख लिहिला. अनुभवी सुकाणूवाला काय करतो हे त्यांनी नीट पाहिलं होतं. आपण वणी रोडवर सायकल चालवताना तेच करतो. कडेपासून जितके सरकलो तितकं हँडल वळवायचं, ही पहिली गोष्ट. परत फार वेगानं येत असू तर आधीच हँडल सैल करायचं, ही दुसरी. आणि एका बाजूनं सतत वारा असेल तर थोडं त्या बाजूला झुकूनच चालवायचं. कोळशाच्या ट्रकच्या वाऱ्यानं हे घुग्घुसच्या पोराला शिकवावं लागत नाही. या तिघांना गणितात बांधलं की पीआयडी नियंत्रक होतो. साखर कारखान्यापासून सिमेंटच्या भट्टीपर्यंत सगळीकडे तो सापडतो.

फ्लाइटगिअरचा पहिला ऑटोपायलट एप्रिल १९९८ मध्ये जेफ गोके-स्मिथ यांनी लिहायला घेतला. जानेवारी २००४ मध्ये ओल्सन यांनी दोन कामं जवळजवळ एकदमच हाती घेतली: रूट मॅनेजर, आणि मजकुराच्या फाईलमध्ये आकडे लिहून जुळवता येणारा ऑटोपायलट. त्यानंतर प्रत्येक विमानासाठी मूळ कोड बदलायची गरज उरली नाही. भाचा हेच आकडे बदलत बसतो. पहिला आकडा जास्त झाला की विमान दारू प्यायल्यासारखं डावी-उजवीकडे डुलतं. कमी झाला की वाटेवर यायलाच तयार नाही.

पण ऑटोपायलट चालू आहे आणि वाट भरलेली आहे, एवढ्यानं भागत नाही. दोघांना जोडणारं बटण असतं. भाचा एकदा ते दाबायलाच विसरला. विमान नाक एकाच अंशावर ठेवून मजेत चाललं होतं आणि वाट बाजूला राहिली. मी हसलो. मग त्यानं कोरियन एअर लाइन्सच्या ००७ बद्दल सांगितलं तेव्हा हसू गेलं. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेलं ७४७ विमान ५०० किलोमीटरहून जास्त भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं मेली. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय चौकशीत निघालं ते असं: ऑटोपायलट एकतर नाक एका दिशेला धरण्यावरच राहिला होता, किंवा तो वाटेला जोडला तेव्हा विमान वाटेपासून इतकं दूर होतं की ती त्याला पकडता आली नाही. पाच तास वैमानिकांच्या लक्षात आलं नाही. वाट यंत्रात बरोबर भरलेली होती.

आपल्या नागपूरलाही वाटांचा एक मोठा इतिहास आहे. १९४९ मध्ये रफी अहमद किदवई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांहून विमानं मध्यरात्री नागपूरला उतरत, पिशव्या बदलत आणि परत जात. ना संगणक, ना उपग्रह. रेडिओच्या खुणेवर आणि होकायंत्रावर रोज रात्री चार वाटा एका ठिकाणी मिळत. त्या वैमानिकांबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहायला हवं.

लॅपटॉप घेऊन आम्ही त्या गावी गेलो. भाच्यानं पडद्यावर पृथ्वी फिरवून दाखवली, मी अल-बिरुनीचं नाव घेतलं. मौलाना शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "हनफी फिकहमध्ये ४५ अंशांपर्यंत फरक पडला तरी नमाज होते. तेव्हा बाप-दाद्यांची नमाज कुणी खोटी म्हणू नये. आणि नवी फरशी टाकतोच आहोत, तर बरोबर टाकायला कुणी अडवलेलं नाही." अडचण वेगळीच निघाली. बारा मीटर रुंद हॉलमध्ये सफ नऊ अंश तिरपी केली की उजव्या कोपऱ्यात पुढं दोन मीटर जागा सुटते, मागं डावीकडे तेवढीच. एक-दीड सफ कमी होते आणि जुम्म्याला माणसं बाहेर उभी राहतात. यावर दोन आठवडे खल झाला.

शेवटी पट्ट्या २७९ वरच पडल्या. पुढच्या त्रिकोणात कुराण शरीफचं कपाट आणि रेहाल ठेवल्या, जुम्म्यासाठी ओट्यावर पत्रे टाकले. एक बुजुर्ग चाचा अजून जुन्या भिंतीकडेच तोंड करून उभे राहतात. मौलाना त्यांना काही म्हणत नाहीत.